विमानातून सल्फरचे वायू कसे मोजतात? कोणतं उपकरण कशासाठी?

समजा, पिंपळवंडीवरून एक विमान पुण्याच्या दिशेने निघालं. वेग सेकंदाला १०० मीटर. हवेचा एक नमुना गोळा करायला १० मिनिटं लागली, तर तेवढ्यात विमान ६० किलोमीटर जातं, म्हणजे चाकणही मागे पडतं! मग हाती आलेला आकडा शेतांवरच्या हवेचा की कारखान्यांवरच्या? दोन्हींची सरासरी. म्हणून उपकरण निवडताना पहिला प्रश्न असतो: वेग हवा की बारकावा?

मुख्य पद्धती

- फ्लुओरेसन्स: हवेवर अतिनील प्रकाश टाकला की सल्फर डायऑक्साइडचे रेणू चमकतात. चमक जास्त, तर वायू जास्त. आकडा सतत मिळत राहतो. शहरांतली हवा तपासणारी केंद्रंही हीच पद्धत वापरतात. मात्र अगदी स्वच्छ हवेत साधं यंत्र कमी पडतं.
- मिस्ट चेंबर: पाण्याच्या बारीक तुषारांत वायू विरघळवायचा आणि मग ते पाणी तपासायचं. अत्यल्प प्रमाणही कळतं, पण प्रत्येक नमुन्याला वेळ लागतो.
- गॅस क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटर: नमुन्यात जड अणूंचा तोच वायू ठरावीक प्रमाणात मिसळतात. नळीत थोडा वायू चिकटून राहिला, तरी दोन्हींच्या गुणोत्तरावरून खरा आकडा काढता येतो. यंत्रणा मात्र अवजड आणि किचकट.
- स्पेक्ट्रोमीटर: हवा आत न घेता, सूर्यप्रकाशातला किती भाग वायूने शोषला ते बघतो. त्यामुळे एका जागेचं नाही, तर हवेच्या अख्ख्या थराचं मिळून प्रमाण कळतं. २०१७ मध्ये सोडलेल्या सेंटिनेल-५पी उपग्रहावरचं ट्रोपोमी याच तत्त्वावर चालतं. त्याचा एक ठिपका सुमारे ५.५ × ३.५ किलोमीटरचा!

एकाच विमानात सगळी

१९८९ मध्ये नासाने ‘साइट-३’ मोहिमेत सल्फरचे वायू मोजणारी वेगवेगळी उपकरणं एकाच विमानात बसवून अटलांटिक महासागरावर नेली. हवा तीच, वेळ तीच. तरीही समुद्रावरच्या स्वच्छ हवेत सल्फर डायऑक्साइडचे आकडे नीट जुळले नाहीत. तिथे हा वायू एक लाख कोटी भागांत काही दहा-वीस भाग इतकाच असू शकतो.

तुमच्या फोनवरचा आकडा

तुमच्या गावात केंद्र नसेल, तर अ‍ॅपमधला आकडा बहुतेक वेळा दूरच्या केंद्राचा किंवा संगणकाने काढलेला अंदाज असतो. भारतात सल्फर डायऑक्साइडची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ८० मायक्रोग्रॅम आहे. तिच्याशी तुलना करण्याआधी तीन गोष्टी बघा: आकडा कुठला, किती वेळाच्या सरासरीचा, आणि मोजलेला की अंदाजाचा?