तीन मैलांना एक तास

डोंगरात ‘किती लांब आहे?’ असं विचारून काही हाती लागत नाही. ‘किती वेळ लागेल?’ असं विचारावं. हाकेच्या अंतरावर दिसणारं शिखर मधल्या दरीपायी दोन तास लांब निघतं. नुसता नकाशा पाहून या प्रश्नाचं उत्तर काढायचं एक सोपं गणित १८९२ साली स्कॉटलंडमध्ये मांडलं गेलं. जगभरचे डोंगरभटके त्याला ‘नेस्मिथचा नियम’ म्हणतात.

विल्यम नेस्मिथ हे स्कॉटिश माउंटेनियरिंग क्लबच्या जनकांपैकी एक. असा क्लब हवा, असं पत्र त्यांनी जानेवारी १८८९ मध्ये ‘ग्लासगो हेराल्ड’ला लिहिलं आणि दोनच महिन्यांत क्लब उभा राहिला. तीन वर्षांनी, मे महिन्यात, ते क्रिअनलॅरिख गावाजवळची क्रुआख आर्द्रेन, स्टॉब बिन्येन आणि बेन मोर ही तीन शिखरं एका दमात करून आले. क्लबच्या नियतकालिकात त्यांनी छोटीशी नोंद दिली: अंतर दहा मैल, एकूण चढाई ६,३०० फूट, वेळ साडेसहा तास, छोटे थांबे धरून. आणि जाता जाता एक सूत्रही सांगितलं: नकाशावरच्या दर तीन मैलांना एक तास, शिवाय चढाईच्या दर २,००० फुटांना आणखी एक तास.

मी कागदावर करून पाहिलं. दहा मैलांचे तीन तास वीस मिनिटं, ६,३०० फुटांचे तीन तास नऊ मिनिटं. बेरीज सहा तास एकोणतीस मिनिटं! पण मला जास्त मोलाचा वाटतो तो ६,३०० हा आकडा. तिघांत सगळ्यात उंच बेन मोर, तोही ३,८५२ फुटांचाच. उरलेली चढाई आली कुठून? एका शिखरावरून खिंडीत उतरलं की गमावलेली उंची पुढच्या शिखरासाठी पुन्हा कमवावी लागते. नेस्मिथ यांनी ती प्रत्येक वेळी मोजली. नवखे नेमकं हेच विसरतात आणि अंधारात सापडतात.

सूत्र धडधाकट माणसासाठी आणि सोप्या वाटांसाठी आहे, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं. पुढे फिलिप ट्रँटर यांनी चालणाऱ्याच्या दमाप्रमाणे वेळ वाढवणारं कोष्टक केलं. एरिक लँगम्यूर यांनी उताराचा हिशेब जोडला: सौम्य उतार असेल तर दर ३०० मीटरला दहा मिनिटं वजा, तीव्र असेल तर तेवढीच मिळवायची. खड्या उतारावर गुडघे कसे बोलायला लागतात हे ज्याला माहीत आहे, त्याला ही दुरुस्ती लगेच पटेल.

त्याच १८९२ साली नेस्मिथ यांनी ग्लासगोच्या उत्तरेला कॅम्प्सीच्या टेकड्यांवर स्की चालवून पाहिली. स्कॉटलंडमधल्या स्की-भटकंतीच्या अगदी आरंभीच्या नोंदींत ही एक. आज तिथल्याच केअरनगॉर्मच्या पठारावर स्कीच्या तळाला घसरणरोधक पट्ट्या लावून चढणाऱ्यांनाही चढाचा हिशेब करावाच लागतो. उतारावर मात्र सगळं बर्फावर अवलंबून. बर्फ चांगलं असेल तर तासाचं अंतर मिनिटांत सरतं, कडक किंवा भुसभुशीत असेल तर पायी चालणारा पुढे निघून जातो.

नेस्मिथ क्रिअनलॅरिखजवळच्या त्या तीन शिखरांवर फिरले त्या मे महिन्यात दिवस पंधरा तासांहून मोठा असतो. डिसेंबरच्या अखेरीस त्याच शिखरांवर जेमतेम सात तास उजेड असतो. त्यांच्या फेरीला साडेसहा तास लागले होते.