दाढी-मिशी आणि श्वसनरक्षक मास्कची फिट टेस्ट

श्वसनरक्षक मास्क विशिष्ट व्यक्तीच्या चेहऱ्यावर घट्ट बसतो किंवा नाही, हे तपासण्याच्या पद्धतीस 'फिट टेस्ट' म्हणतात. मास्कची कड व त्वचा यांच्यामध्ये केस आल्यास फट राहते आणि दूषित हवा न गाळता आत शिरते. त्यामुळे कडेखाली दाढी असलेल्या व्यक्तीची घट्ट मास्कसाठी ही चाचणी घेतली जात नाही.

कारण

श्वास घेताना मास्कच्या आतील दाब किंचित कमी होतो आणि हवा कमीत कमी अडथळ्याच्या वाटेने आत येते. एन-९५ मास्कची गाळणी सूक्ष्म कणांपैकी किमान ९५ टक्के अडवते. मात्र कडेशी फट असल्यास हवा गाळणी टाळून जाते. एक-दोन दिवसांचे खुंटही गळतीस पुरेसे ठरतात. केसांचे जाळे गाळणीचे काम करते, हा समज चुकीचा आहे.

चाचणीच्या पद्धती

गुणात्मक चाचणीत डोक्यावर टोप घालून सॅकरिनसारख्या गोड किंवा बिट्रेक्ससारख्या कडू द्रावणाचा फवारा सोडतात. चव जाणवल्यास मास्क नापास होतो. संख्यात्मक चाचणीत बाहेरील व आतील कणांचे प्रमाण यंत्राने मोजतात. अमेरिकी नियमांनुसार हे गुणोत्तर अर्ध्या चेहऱ्याच्या मास्कसाठी किमान १०० व पूर्ण चेहऱ्याच्या मास्कसाठी किमान ५०० असावे लागते. चाचणी सुरू असताना खोल श्वास घेणे, मान वळवणे, बोलणे व वाकणे या क्रिया करवून घेतात. याच नियमांत वर्षातून किमान एकदा चाचणी बंधनकारक आहे. मास्क घालताना दर वेळी हाताने करावयाची कडेची तपासणी ही फिट टेस्टचा पर्याय नव्हे.

मिशी व दाढीचे प्रकार

अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने २०१७ मध्ये दाढी-मिशीच्या विविध प्रकारांचे चित्रपत्रक प्रसिद्ध केले. मास्कच्या आत मावणारी आखूड मिशी सामान्यतः चालते. कडेखाली येणारे झुपकेदार मिशांचे टोक, लांब कल्ले आणि पूर्ण दाढी चालत नाही.

सातारा व सांगली जिल्हे

किर्लोस्करवाडी (स्थापना १९१०) आणि साताऱ्यातील धनजीशा कूपर यांचा उद्योग यांमुळे या भागात ओतकामाची परंपरा जुनी आहे. साच्याची वाळू झटकताना व ओतीव भाग घासताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस हा बरा न होणारा फुप्फुसविकार होतो. साखर कारखान्यांत जुन्या, बुरशी धरलेल्या बगॅसच्या धुळीने बगॅसोसिस होऊ शकतो. रस शुद्ध करताना वापरल्या जाणाऱ्या सल्फर डायऑक्साइडसाठी धुळीचा मास्क निरुपयोगी असून वायूची वेगळी गाळणी लागते. हळद पॉलिश करतानाही बरीच धूळ उडते. मिरज हे विल्यम वॉन्लेस यांच्या काळापासून वैद्यकीय केंद्र असून क्षयरुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही एन-९५ मास्क लागतो.

श्रावणात दाढी न करण्याची प्रथा महाराष्ट्रात अनेक घरांत पाळली जाते. अशा कामगाराने आषाढात गुळगुळीत चेहऱ्याने उत्तीर्ण केलेली चाचणी श्रावणातील वाढलेल्या दाढीस लागू होत नाही. नोंदवहीत तो उत्तीर्ण दिसत असला, तरी प्रत्यक्षात त्याला अपेक्षित संरक्षण मिळत नाही.

पर्याय

धार्मिक श्रद्धेमुळे, प्रथेमुळे किंवा त्वचाविकारामुळे दाढी ठेवणाऱ्यांसाठी बॅटरीवरील पंख्याने गाळलेली हवा पुरवणारा सैल टोप उपलब्ध आहे. त्यास फिट टेस्ट लागत नाही. तो महाग असतो व बॅटरी वेळच्या वेळी भारित करावी लागते. कोविड साथीच्या काळात ब्रिटनमधील शीख वैद्यकीय व्यावसायिकांनी दाढीवर लवचिक पट्टी बांधून वर मास्क घालण्याची 'सिंग ठाठा' पद्धत वापरली; तीतही प्रत्येकाची चाचणी आवश्यक असते.

कायदेशीर बाजू

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १४ मध्ये धूळ व धूर श्वासावाटे आत जाऊ नये यासाठी उपाय योजण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकली होती. याच अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिसचा समावेश होता. धूळ उगमाशीच शोषून घेणे किंवा पाणी मारून दाबणे हा पहिला उपाय मानला जातो. मास्क हा त्यानंतरचा. धूळ उगमाशी अडवल्यास तिचा लाभ दाढी असलेल्या व नसलेल्या सर्वच कामगारांना सारखा मिळतो.