ब्राउझराचे आपलेपण

आंबेगाव तालुक्यातील अवसरी बुद्रुक या ग्रामनामातील ‘बुद्रुक’ हा शब्द मूळचा फारसी ‘बुजुर्ग’ होय. परंतु मराठी जिभेने तो इतका आपलासा केला आहे की, त्याचे परकेपण आज कोणास जाणवतही नाही. संगणकाच्या पडद्यावर ब्राउझरास असे आपलेपण मिळवावयास बराच काळ लागला.

मोझिलाचा ब्राउझर आपली बटणे व पट्ट्या बहुतांशी स्वतःच्याच साच्यातून काढी. मॅक वापरणारांस तो पाहुण्यासारखा वाटे. म्हणून २००२ साली ‘किमेरा’, पुढे ‘कॅमिनो’ म्हणविला गेलेला ब्राउझर निघाला. आत मोझिलाचेच गेको यंत्र, बाहेर मात्र मॅकचा पोशाख. जानेवारी २००३ मध्ये ॲपलने स्वतःचा सफारी पुढे आणला, आणि २००८ च्या फायरफॉक्स ३ ने विंडोज, मॅक व लिनक्स यांवर निरनिराळा वेष धारण केला.

तथापि आमच्या मते बटणांचा प्रश्न गौण होय. मराठी वाचकाची खरी कसोटी अक्षरांत आहे. ऱ्हस्व वेलांटी टंकावयाची व्यंजनानंतर, पण दिसावयाची त्याच्या आधी! ही जुळणी व तिजसाठी ‘मंगल’ टंक विंडोज २००० मध्ये प्रणालीच्याच अंगी आले. ही सेवा न घेता जो ब्राउझर अक्षरे स्वतः मांडू जाई, त्याच्या हातून ‘बुद्रुक’मधले जोडाक्षर फुटे; पाय मोडका द आणि सुटा रु तेवढा उरे. फायरफॉक्स ३ ने लिनक्सवर हे काम ‘पँगो’ या तेथील अक्षरजुळणीच्या साधनाकडे सोपविले.