दुब्रोव्हनिक

दुब्रोव्हनिक : क्रोएशियाच्या दक्षिण टोकाशी, भूमध्य समुद्राचा फाटा असलेल्या एड्रिॲटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील तटबंदीयुक्त ऐतिहासिक बंदर. इटालियन नाव रागूझा. लोकसंख्या सुमारे ४१ हजार (२०२१). पैकी प्रत्यक्ष तटाच्या आत राहणारे दोन हजारांहूनही कमी. पाठीशी सर्ज हा ४१२ मी. उंचीचा उघडाबोडका डोंगर आणि समोर लोक्रूम हे वनाच्छादित बेट, अशा बेचक्यात हे नगर वसले आहे.

नाव व उत्पत्ती : आजच्या त्साव्तातच्या जागी असलेले एपिदाउरुम हे प्राचीन नगर सातव्या शतकात आव्हार व स्लाव्ह टोळ्यांनी उद्ध्वस्त केले, तेव्हा तेथून निघालेल्या निर्वासितांनी एका खडकाळ जागेवर आश्रय घेतला आणि तिलाच पुढे रागूझा हे नाव पडले, अशी परंपरा आहे. समोरच्या डोंगरउतारावरील स्लाव्ह वस्तीस ओकवृक्षांच्या राईवरून (‘दुब्रावा’) दुब्रोव्हनिक म्हणत. दोन्ही वस्त्यांमधील सखल, पाणथळ भाग कालांतराने भरून काढण्यात आला व त्यावरूनच आजचा स्त्रादून अथवा प्लात्सा हा सुमारे ३०० मी. लांबीचा राजमार्ग जातो.

राज्यव्यवस्था : १२०५ ते १३५८ पर्यंत येथे व्हेनिसचा अंमल होता. १३५८ च्या झादरच्या तहाने तो संपून हंगेरीच्या राजाचे नाममात्र आधिपत्य आले आणि तेव्हापासून १८०८ साली फ्रेंच सेनापती मार्माँ याने ते बरखास्त करीपर्यंत हे उमरावांचे प्रजासत्ताक आपला कारभार आपणच पाहत होते. राज्यप्रमुखास, म्हणजे रेक्टरास, अवघ्या एका महिन्याची मुदत असे. तेवढ्या काळात त्याने सरकारी वाड्यातच राहावे व राजकाजावाचून उंबरठा ओलांडू नये, असा शिरस्ता होता. एका घराण्याच्या हाती सत्ता एकवटू नये, हा त्यातील हेतू. गुलामांच्या व्यापारास या राज्याने १४१६ सालीच बंदी केली.

सैन्यबळ तुटपुंजे असल्यामुळे राज्याची भिस्त तटावर आणि त्याहूनही अधिक वकिलातीवर होती. पंधराव्या शतकाच्या अखेरीस ऑटोमन दरबारास द्यावयाची वार्षिक खंडणी १२,५०० डुकॅट ठरली व तिच्या मोबदल्यात सुलतानाच्या मुलुखात व्यापाराच्या सवलती मिळाल्या. ही रक्कम घेऊन इस्तंबूलला जाणाऱ्या वकिलांस ‘पोक्लिसारी हराचा’ म्हणत. त्यातील ‘हराच’ हा शब्द अरबी ‘खराज’चेच तुर्कीमार्गे आलेले रूप होय. व्हेनिसची आणि आपली सरहद्द भिडू नये म्हणून दोन्ही बाजूंच्या चिंचोळ्या भूपट्ट्या ऑटोमनांच्या ताब्यात राहतील, अशी तजवीज १६९९ च्या कार्लोविट्झच्या तहाच्या वेळी झाली. त्यांपैकी नेउमची पट्टी आज बॉस्निया-हर्त्सेगोव्हिनाकडे आहे आणि तिच्यामुळे दुब्रोव्हनिकचा प्रदेश उर्वरित क्रोएशियाशी भूमीने सलग नाही.

आगंतुकांचा बंदोबस्त : येणाऱ्यास परत न धाडता, परंतु थेट आतही न घेता, वेशीबाहेर थांबवून, पारखून मग प्रवेश द्यावयाचा, ही या नगराची जुनी रीत होय. प्लेगच्या भयाने १३७७ साली येथील महासभेने असा हुकूम केला की, रोगग्रस्त प्रदेशातून आलेल्यांनी त्साव्तात येथे किंवा मर्कान बेटावर महिनाभर राहिल्याखेरीज नगरात येऊ नये. विलग्नवासाचा हा जगातील अगदी आरंभीच्या कायद्यांपैकी एक मानला जातो. सतराव्या शतकात पूर्वेकडील प्लोचे दरवाजाबाहेर ‘लाझारेती’ या दगडी कोठारवजा इमारतींची ओळ उभी राहिली आणि बॉस्नियाकडून येणारे व्यापारी तांडे मालासह तेथेच उतरू लागले.

आलेला माल मोजण्याच्या बाबतीतही हीच सावधगिरी दिसते. लुझा चौकात १४१८ साली उभारलेल्या ओर्लांदोच्या स्तंभावरील योद्ध्याचा उजव्या हाताचा कोपरापासूनचा भाग हे कापड मोजण्याचे अधिकृत माप होते. हा ‘हात’ सुमारे ५१ सेंमी. भरतो आणि स्तंभाच्या पायथ्याशी तेवढ्याच लांबीची रेघ कोरलेली आहे. गिऱ्हाइकास शंका आली तर त्याने कापड तेथे नेऊन लावून पाहावे. समोरचा स्पोन्झा वाडा (१५१६–२२) म्हणजे जुना जकातनाका व टांकसाळ. ‘माल मी मोजतो तेव्हा ईश्वर मला मोजत असतो’ अशा आशयाचा लॅटिन लेख त्याच्या कमानीवर आहे. आज तेथे राज्याचा दप्तरखाना असून सुलतानांची फर्मानेही त्यात जतन केलेली आहेत.

वास्तू : नगरास वळसा घालणारा तट १,९४० मी. लांब व काही ठिकाणी २५ मी. उंच आहे. जमिनीकडील बाजूस त्याची जाडी चार ते सहा मीटर आहे. मिंचेता हा वर्तुळाकार बुरूज सर्वांत उंच. लोव्रीयेनात्सचा किल्ला मात्र तटापासून सुटा, समुद्रात घुसलेल्या कड्यावर आहे. नेपल्सकडील स्थपती ओनोफ्रियो देल्ला कावा याने १४३६–३८ मध्ये सुमारे १२ किमी. अंतरावरून नळाने पाणी आणले. पिले दरवाजाच्या आतील सोळा मुखांच्या कारंज्यातून ते आजही वाहते व प्रवासी त्यावर आपल्या बाटल्या भरून घेतात. फ्रान्सिस्कन मठातील औषधालय १३१७ सालचे आहे.

६ एप्रिल १६६७ च्या भूकंपात सुमारे पाच हजार माणसे दगावली. त्यानंतर स्त्रादूनवरील घरे एकाच नमुन्याने बांधण्यात आली. त्यांच्या तळमजल्यावरील दुकानांचे दार व खिडकी एकाच कमानीखाली जोडलेली असून खिडकीचा दगडी कठडा हाच विक्रीचा कट्टा असे. नगराचा रक्षक संत व्लाहो (ब्लेझ) याचे आजचे चर्च १७०६–१५ मधील. गोव्यात गवंडाळी येथे याच संताच्या नावाचे सां ब्राझ चर्च असून, सोळाव्या शतकात तिकडे गेलेल्या रागूझाच्या व्यापाऱ्यांशी त्याचा संबंध जोडला जातो.

१९७९ मध्ये युनेस्कोने जुन्या नगराचा जागतिक वारशात समावेश केला. युगोस्लाव्ह सैन्याने ऑक्टोबर १९९१ पासून घातलेल्या वेढ्यात, विशेषतः ६ डिसेंबरच्या भडिमारात, जुन्या नगरातील ८२४ इमारतींपैकी सुमारे ६८ टक्के इमारतींना तोफगोळे लागले. तटावरून पाहता जी कौले भडक तांबडी दिसतात ती त्यानंतर बसविलेली, आणि जी पिवळट, विटक्या रंगाची ती त्यापूर्वीची.

प्रवासाची आखणी : क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन क्षेत्रात असून चलन युरो आहे, भारतीय प्रवाशास शेंगेन व्हिसा लागतो. येथून माँटेनेग्रोतील कोटोर किंवा बॉस्नियातील मोस्तार पाहून परतावयाचे असल्यास तो अनेकवार प्रवेशाचा घ्यावा, कारण ते दोन्ही देश शेंगेनबाहेर आहेत. विमानतळ सुमारे २० किमी.वर चिलिपी येथे आहे. आगगाडी येथवर येत नाही. उत्तरेकडून बसने येणाऱ्यास पूर्वी नेउम येथे दोनदा सरहद्द ओलांडावी लागे. जुलै २०२२ मध्ये खुल्या झालेल्या पेल्येशात्सच्या पुलाने ती अडचण दूर केली. इटलीतील बारीहून मोसमात आगबोट येते व ती ग्रूझ बंदरात लागते.

जुलै-ऑगस्टमध्ये ऊन व गर्दी दोन्ही परमावधीस पोहोचतात. १० जुलै ते २५ ऑगस्ट या काळात, १९५० पासून चालत आलेला नाट्य-संगीत महोत्सव भरतो. त्याची आवड असेल तरच त्या दिवसांत जावे. एरवी मे, सप्टेंबर व ऑक्टोबरचा पूर्वार्ध उत्तम. नोव्हेंबरात पाऊस फार, आणि हिवाळ्यात ‘बुरा’ हा कोरडा, बोचरा ईशान्य वारा वाहतो. तथापि ३ फेब्रुवारीचा संत व्लाहोचा उत्सव त्याच दिवसांत येतो व गावकरी परदेशीयांसाठी नव्हे तर स्वतःसाठी जमलेले पाहावयाचे, तर तोच दिवस गाठावा.

मुक्कामास तीन दिवस पुरेसे होत. तटाच्या आत वाहने येत नाहीत व गल्ल्या म्हणजे बहुधा पायऱ्याच असल्याने जड सामान असणाऱ्याने अथवा वयोवृद्धाने पिले किंवा ग्रूझच्या बाजूस उतरावे. तटावरील फेरीस सुमारे दोन तास लागतात, ती एकाच दिशेने करावी लागते आणि सावली जवळजवळ नाही; म्हणून ती सकाळी दरवाजा उघडताच किंवा उन्हे उतरल्यावर करावी. लोक्रूमला होडीने पाव तासात जाता येते. तेथे रात्रीच्या मुक्कामास परवानगी नाही. सर्जच्या माथ्यावर रज्जुमार्ग जातो. तो १९६९ मध्ये सुरू झाला, युद्धात उद्ध्वस्त झाला आणि २०१० मध्ये पुन्हा चालू झाला.

मोठ्या प्रवासी जहाजांचे उतारू दिवसा नगरात लोटतात व संध्याकाळी परततात. त्यांची संख्या आवरण्यासाठी नगरपालिकेने २०१९ पासून एका वेळी दोन जहाजे व सुमारे चार हजार उतारू अशी मर्यादा घातली. सुमारे साडेसहाशे वर्षांपूर्वीच्या महासभेने रोगासाठी जे केले, ते आजच्या कारभाऱ्यांना गर्दीसाठी करावे लागत आहे. प्रवाशाने बंदरातील जहाजांचे वेळापत्रक आधी पाहून त्याबेताने आपली फेरी ठरवावी आणि रात्रीचे नगर हिंडण्यासाठी राखावे. प्रजासत्ताकाच्या काळी पिले दरवाजाचा लाकडी पूल दररोज रात्री साखळदंडांनी उचलला जाई व वेशीच्या किल्ल्या रेक्टराच्या स्वाधीन होत. पूल आणि साखळदंड अद्याप जागच्या जागी आहेत. वेस मात्र आता रात्रीही उघडी असते.