ठरवून केलेली लग्नं, ड्रॅगन आणि एक करारनामा

फँटसी कादंबऱ्यांच्या दुनियेत प्रेमविवाहाचं नशीब जरा खोटंच असतं, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. 'गेम ऑफ थ्रोन्स'मधला रॉब स्टार्कच बघा ना. फ्रे घराण्याला दिलेला शब्द मोडून त्याने दुसरीकडे लग्न केलं आणि त्याची किंमत आईपासून सैन्यापर्यंत सगळ्यांनी मोजली. आणि ज्या आईबापाच्या पोटी हा जन्मला, त्यांचं लग्न मात्र अगदी तद्दन ठरवून केलेलं! कॅटलिनचं लग्न ठरलं होतं थोरल्या भावाशी, ब्रँडनशी. तो मारला गेला, म्हणून धाकट्या नेडशी लावून दिलं. लग्नानंतर जेमतेम पंधरा दिवस एकत्र, मग नवरा लढाईवर, आणि परत आला तो कडेवर दुसऱ्याच बाईचं मूल घेऊन. असं स्थळ कोणी सुचवलं तर तुम्ही काय म्हणाल? पण त्या अख्ख्या मालिकेतला सगळ्यात समजूतदार संसार कोणता, असं विचारलं तर बहुतेक वाचक याच जोडीचं नाव घेतील.

असं का होतं? आपल्याकडे याचं उत्तर तयार असतं. "अरे, सहवासाने प्रेम होतं." माझं वय अठ्ठावीस असल्यामुळे सध्या हे वाक्य मला महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकावं लागतं, त्यामुळे त्याची जरा तपासणी करावीशी वाटली.

मला हे उत्तर पटत नाही, आणि कारण त्याच पुस्तकात आहे. राजा रॉबर्ट आणि सर्सी यांचंही लग्न ठरवूनच झालं. सहवास तर बऱ्याच वर्षांचा. शेवटी काय झालं ते वाचलेल्यांना माहीत आहे, न वाचलेल्यांसाठी सांगत नाही. म्हणजे दोन्हीकडे सहवास सारखा आणि आऊटपुट मात्र उलटं. आपल्या धंद्यात असं झालं तर आपण म्हणतो, बाबा रे, फरक दुसऱ्या कुठल्या तरी व्हेरिएबलमुळे पडतोय, तो शोध.

तो शोधायला कादंबरीतून बाहेर पडून इतिहासात जावं लागतं. कारण फँटसीवाले आपला कच्चा माल तिथूनच उचलतात. जॉर्ज मार्टिनने इंग्लंडमधल्या 'वॉर्स ऑफ द रोझेस' वरून उचलला. आणि लोइस मॅकमास्टर बुजोल्ड या अमेरिकन लेखिकेने २००१ साली 'द कर्स ऑफ शॅलियन' लिहिली ती पंधराव्या शतकातल्या स्पेनवरून. या कादंबरीत इसेल नावाची राजकन्या आहे. तिच्या गळ्यात एक नीच सरदार मारला जाणार असतो. तो मरतो. मग ती स्वतःच आपल्या विश्वासू सचिवाला शेजारच्या राज्यात पाठवते, बर्गन नावाच्या राजपुत्राशी स्वतःचं लग्न ठरवायला! लग्न होतं, आणि छान होतं. वाचताना वाटतं, हे जरा सोयीचंच झालं हं. पण गंमत अशी की यातला सगळ्यात अविश्वसनीय वाटणारा भाग जवळजवळ जसाच्या तसा घडलेला आहे.

ती खरी राजकन्या म्हणजे कॅस्टीलची इसाबेला. जन्म १४५१. तिचा सावत्र भाऊ एनरिके गादीवर होता, आणि गादीवरच्या भावाच्या दृष्टीने बहीण म्हणजे वाटाघाटीतली हुंडी. ज्याला खूश करायचं त्याच्या नावाने फाडायची. १४६६ साली, ती पंधरा वर्षांची असताना, एनरिकेने तिला पेद्रो हिरोन या बंडखोर गटातल्या बड्या सरदाराला द्यायचं कबूल केलं. हिरोनची चाळिशी उलटलेली. तो लवाजमा घेऊन लग्नाला निघाला आणि वाटेतच आजारी पडून मेला. (बुजोल्डने हा प्रसंग कुठून घेतला ते कळलं ना?)

मग १४६८ मध्ये तिचा सख्खा भाऊ अल्फोन्सो वारला आणि इसाबेला एकदम गादीची दावेदार झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तोरोस दे गिसांदो इथे तिचा आणि एनरिकेचा समझोता झाला. एनरिकेने तिला वारस मानलं. लग्नाबाबत ठरलं ते असं, की तिने राजाच्या संमतीशिवाय लग्न करायचं नाही, आणि राजानेही तिच्या मर्जीविरुद्ध तिचं लग्न लावायचं नाही. थोडक्यात काय, तर दोन्ही बाजूंना व्हेटो. आता एनरिकेच्या मनात होता पोर्तुगालचा राजा अफोन्सो, विधुर, तिच्यापेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठा. फ्रान्सच्या राजाचा भाऊही रांगेत होता. इसाबेलाने काय करावं? आपल्या एका धर्मगुरूला फ्रान्सला आणि अ‍ॅरागॉनला पाठवून दोन्ही स्थळं बघून यायला सांगितलं, असं त्या काळचे बखरकार लिहितात. म्हणजे बघण्याचा कार्यक्रम झाला, पण उलट्या दिशेने :)

निवड झाली अ‍ॅरागॉनच्या फर्डिनांडची. तो तिच्यापेक्षा वर्षाने लहान. आता इथे 'आवडला म्हणून निवडला' असं समजू नका. तिने त्याला पाहिलेलंसुद्धा नव्हतं. मुद्दा वेगळाच होता. फर्डिनांडचा बाप युआन तेव्हा पुरता अडचणीत सापडला होता. कॅटलोनियात बंड चालू, वर फ्रान्सशी भांडण, आणि खजिन्यात खडखडाट. कॅस्टील अ‍ॅरागॉनपेक्षा कितीतरी मोठं राज्य. म्हणजे गरज मुलाकडच्यांना जास्त होती, आणि इसाबेलाच्या माणसांनी याचा पुरेपूर उपयोग केला. १४६९ च्या सुरुवातीला सेर्व्हेरा इथे लग्नाच्या अटींवर सह्या झाल्या. त्या अटी वाचल्या की मजा वाटते. फर्डिनांडने कॅस्टीलमध्येच राहायचं. तिच्या संमतीशिवाय राज्याबाहेर जायचं नाही. महत्त्वाच्या जागांवर कॅस्टीलचीच माणसं नेमायची. कागदपत्रांवर दोघांच्या सह्या. चक्क घरजावई!

एनरिकेला कळलं तर तो अडवणार, म्हणून फर्डिनांड व्यापाऱ्यांच्या तांड्यातला खेचरवाला नोकर बनून सरहद्द ओलांडून आला. ऑक्टोबरच्या मध्यावर दोघं पहिल्यांदा भेटली आणि १९ ऑक्टोबर १४६९ ला व्हायादोलिदमध्ये लग्न लागलं. ती अठरा, तो सतरा. दोघं नात्यातली असल्याने पोपची परवानगी लागत होती. ती नव्हती, म्हणून आधीच वारलेल्या पोपच्या नावाचं एक बनावट पत्र दाखवण्यात आलं. खरी परवानगी मिळाली १४७१ मध्ये. प्रॉडक्शनला आधी, अ‍ॅप्रूव्हल नंतर. हा प्रकार आपल्याला नवीन नाही.

खरी कसोटी पुढेच होती. डिसेंबर १४७४ मध्ये एनरिके वारला. फर्डिनांड तेव्हा अ‍ॅरागॉनमध्ये होता. इसाबेलाने त्याची वाट न बघता सेगोव्हियात स्वतःला राणी म्हणून जाहीर केलं. बातमी ऐकून नवरोबा भडकले. पुरुष वारस असताना बायकोने एकटीनेच सूत्रं हातात घ्यायची, हे अ‍ॅरागॉनच्या रिवाजात बसणारं नव्हतं. इथे नातं तुटू शकलं असतं. त्याऐवजी दोघं बसली, मध्यस्थ नेमले आणि जानेवारी १४७५ मध्ये सेगोव्हियाचा करार झाला. कॅस्टीलची मालकीण इसाबेला. किल्ले आणि नेमणुका तिच्या अखत्यारीत. नाणी आणि फर्मानं दोघांच्या नावाने. नाव आधी कोणाचं? त्याचं. पण ढालीवर चिन्ह आधी कोणाचं? कॅस्टीलचं. इतक्या बारीक गोष्टीवर भांडून, लिहून, सही करून मोकळी झालेली नवरा-बायको नंतर जवळजवळ तीस वर्षं एकत्र राज्य चालवतात, हा मला योगायोग वाटत नाही.

त्यांचं सगळं गोडच होतं असं अजिबात नाही. फर्डिनांडला बाहेरची मुलं होती आणि इसाबेलाला त्याचा त्रास होत असे. शिवाय या दोघांच्या राज्यात इन्क्विझिशन सुरू झालं आणि १४९२ मध्ये ज्यूंना देशाबाहेर काढलं गेलं. संसार सुखाचा झाला म्हणून माणसं भली ठरत नाहीत. पण एकमेकांशी ती बरोबरीने वागली, आणि ग्रानादात आजही शेजारी शेजारी पुरलेली आहेत.

आता या गोष्टीचा दुसरा भाग. तो फँटसीत सहसा येत नाही.

याच जोडप्याने आपल्या मुलींची लग्नं ठरवली. तेच घर, तीच पद्धत, आणि ठरवणारी आई तर स्वतः अनुभवी. कॅथरिनचं लग्न १४८९ च्या तहात इंग्लंडच्या आर्थरशी ठरलं. ती तीन वर्षांची, तो दोन. १५०१ मध्ये लग्न, पुढच्या एप्रिलमध्ये तो वारला. मग हुंड्याचा उरलेला हप्ता कोणी द्यायचा यावर दोन राजांची घासाघीस, आणि कॅथरिन लंडनमध्ये सात वर्षं पैशाच्या ओढाताणीत. दुसरी मुलगी हुआना. १४९६ मध्ये, सोळाव्या वर्षी, फ्लँडर्सला फिलिपकडे रवाना. नवरा वारल्यावर सख्ख्या बापाने तिला तोर्देसियासच्या महालात ठेवलं ते १५०९ मध्ये, आणि पुढे पोटच्या मुलानेही सोडवलं नाही. १५५५ मध्ये ती तिथेच वारली. सेहेचाळीस वर्षं! थोरली इसाबेल मात्र पोर्तुगालच्या राजपुत्राबरोबर खरंच रमली होती. १४९० मध्ये लग्न, आणि १४९१ मध्ये तो घोड्यावरून पडून गेला.

म्हणजे मुलींच्या बाबतीत सुख आलंच तर नशिबाने आलं, आणि गेलं तेही तसंच. आईच्या बाबतीत मात्र त्याला पाया होता. फरक एवढाच, की इसाबेलाने स्वतःच्या लग्नाच्या अटी घातल्या. तिच्या मुली या दुसऱ्या कोणाच्या तरी तहातल्या अटी होत्या.

कॅथरिनचं एक उदाहरण अजून. तिचं हेन्री आठव्याशी झालेलं दुसरं लग्न कसं मोडलं ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याआधी बरीच वर्षं ते बरं चाललं होतं हे कोणी सांगत नाही. १५१३ मध्ये हेन्री फ्रान्सवर स्वारीला गेला तेव्हा राज्य तिच्या हातात सोपवून गेला होता, आणि फ्लॉडनची लढाई तिच्याच कारभारात जिंकली गेली. तिच्या हातात काम होतं आणि शब्दाला वजन होतं, तोवर ते नातं उभं होतं. वजन गेलं आणि १५३३ मध्ये ते लग्न रद्दबातल ठरलं.

आता परत ड्रॅगनवाल्यांकडे येऊ. नेडने काय केलं? कॅटलिनचा धर्म वेगळा होता म्हणून स्वतःच्या किल्ल्यात तिच्यासाठी प्रार्थनागृह बांधलं, आणि महत्त्वाच्या निर्णयात तिला विचारत राहिला. रॉबर्टने सर्सीला दिला तो मुकुट, बाकी काही नाही. रॉबिन हॉबच्या 'फार्सीअर' मालिकेत केट्रिकेन डोंगराळ राज्यातून लग्न होऊन येते. तिच्या माहेरी राज्यकर्ता म्हणजे प्रजेसाठी राबणारा माणूस. सासरी तिला राबायला काहीच मिळत नाही आणि ती नुसती वाळत जाते. ती स्वतःहून घोड्यावर बसून लोकांसाठी बाहेर पडते, तिथून व्हेरिटीला आपली बायको खऱ्या अर्थाने दिसायला लागते. कॅथरिन अ‍ॅडिसनच्या 'द गॉब्लिन एम्परर' (२०१४) मध्ये तर दोन्ही नमुने एकाच घरात आहेत. नायक माइयाची आई राजकारणापायी बादशहाला दिलेली आणि मग दूर फेकलेली. माइया स्वतः बादशहा झाल्यावर त्याचंही लग्न ठरवूनच होतं. सुरुवातीला वाग्दत्त वधू बर्फासारखी थंड. पण माइयाने आईचं आयुष्य जवळून पाहिलेलं असतं, त्यामुळे समोरच्या मुलीचंही काही म्हणणं असू शकतं हे त्याला कळतं. हळूहळू बर्फ वितळतो.

म्हणून मला वाटतं, या गोष्टींमध्ये प्रेम जादूने उगवत नाही. चांगला लेखक आधी दोघांच्याही हातात काहीतरी देतो. नकार देण्याचा हक्क, नाहीतर काम, नाहीतर निदान मत. प्रेमाला उभं राहायला त्यामुळे जागा मिळते. वाईट लेखक ही पायरी गाळतो, थेट तिसऱ्या प्रकरणात दोघांना चांदण्यात बसवतो, आणि आपल्याला ते खोटं वाटतं. खोटं वाटतं कारण ते खोटंच असतं.

"सहवासाने प्रेम होतं" हे वाक्य मुलींच्या बाजूने कधीच तपासलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं. हुआनाला कोणी विचारलं नाही. आपल्या आज्या-पणज्यांपैकी किती जणींना विचारलं होतं? त्यांच्यातल्या ज्या सुखी झाल्या त्यांचे किस्से घरोघरी सांगितले जातात. ज्या झाल्या नाहीत त्यांच्याबद्दल "तिचं जरा असंच झालं" म्हणून विषय बदलतात. आजही कांदेपोह्यांच्या बैठकीत मुलीला "तुला काही विचारायचंय का?" हे शेवटच्या पाच मिनिटांत विचारतात, चहाचे कप उचलता उचलता.

तर पुढच्या वेळी कोणी तुम्हाला एखाद्या ठरवून केलेल्या लग्नाची गोड गोष्ट सांगितली, कादंबरीतली किंवा घरातली, तर सहवास किती वर्षांचा होता ते विचारू नका. अटी कोणी घातल्या होत्या ते विचारा. आणि तुम्ही स्वतः त्या बैठकीत असाल, तर समोरच्या माणसाच्या अटी आधी ऐका. ढालीवर चिन्ह कोणाचं आधी, असल्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीसुद्धा.