धरणगावचा साहेब आणि त्याचे शिपाई

मी खानदेशातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. एकदा वर्गात जेम्स औट्रमचा विषय निघाला. मागच्या बाकावरचा एक भिल्ल विद्यार्थी उठला, 'सर, साहेबाचं नाव कळलं. त्याच्या शिपायांची नावं काय?' मी निरुत्तर झालो.

धरणगावला इंग्रजांनी १६७४ साली वखार घातली. पुढच्याच वर्षी ती मराठी फौजेने लुटली. १८१८ साली खानदेश कंपनीकडे आला, तेव्हा साहेबाला नुसता व्यापार नको होता. महसूल, रस्ते आणि घाट हवे होते. घाटांच्या राखणीचे हक्क भिल्ल नाइकांचे. पेशवाईच्या अखेरीस कोपरगावला भिल्लांची कत्तल झाली होती. कंपनीनेही प्रथम बंदूकच उगारली. ती पुरेना, तेव्हा १८२५ साली एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत भिल्लांचीच पलटण उभी करण्याचे ठरले. २२ वर्षांचा लेफ्टनंट औट्रम धरणगावी येऊन राहिला, तो १८३५ पर्यंत खानदेशात होता.

तो गव्हर्नर नव्हता. पण डोंगरातल्या माणसाला सरकार म्हणून दिसला तो हाच. त्यांच्यासोबत तो शिकारीला गेला, त्यांचा विश्वास मिळवला. धाडस त्याचे खरे. पण 'रानटी भिल्लांना त्याने माणसात आणले' हे वाक्य आम्ही किती काळ गिरवणार? ती माणसे नव्हती काय?

पुढे १८५७ साली खाज्या नाईक उठला. यानेच पूर्वी कंपनीसाठी सेंधव्याचा घाट राखला होता. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात अंबापाणीला रक्त सांडले. त्या बंडाच्या मोडणीत भिल्ल पलटणही कंपनीच्याच बाजूने होती. भुकेल्याच्या हाती बंदूक देऊन ती त्याच्याच भावावर रोखायची, ही युक्ती आम्हाला अनोळखी नाही. महारांनीही कंपनीची चाकरी केली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांना पलटणीचे दार बंद झाले.

औट्रम पुढे जनरल झाला, वेस्टमिन्स्टर ॲबेत पुरला गेला. खानदेशात त्याच्या समक्ष १९१ वाघ मारले गेले, अशी नोंद चरित्रकाराने ठेवली. वाघ मोजले गेले. रान उठवणाऱ्या माणसांची नावे मात्र शोधावी लागतात.

त्या विद्यार्थ्याला मी म्हणालो, दप्तर मी धुंडाळतो, तू आजीला विचार. मित्रहो, आपला इतिहास असाच दोन्हीकडून लिहावा लागेल.