प्लेगच्या काळातील जोखमीचा हिशेब

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात काखेत किंवा जांघेत गाठ येऊन तीव्र तापाने माणसे दगावू लागली आणि त्या महिन्याच्या २३ तारखेला डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्यातील डॉक्टरांनी हा रोग प्लेग असल्याचे उघडपणे सांगितले. पुढील अनेक वर्षे ही साथ बहुधा हिवाळ्याच्या सुमारास परतत राहिली आणि मुंबई इलाख्यातील असंख्य कुटुंबांपुढे दरवेळी तेच प्रश्न उभे राहिले: घर सोडून जावे की थांबावे, घरातल्या आजाऱ्याची वर्दी द्यावी की त्याला लपवावे, आणि लस उपलब्ध झाल्यावर ती टोचून घ्यावी की नाही. सरकारी अहवालांनी लोकांच्या उत्तरांचे वर्णन अज्ञान आणि रूढिप्रियता असे केले, तर पुढे राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासांनी त्यांत जुलमाविरुद्धचा संताप तेवढा पाहिला. दोन्ही मतांत तथ्य आहे. परंतु दोहोंच्या नजरेतून एक गोष्ट सुटते, ती म्हणजे हे निर्णय घेणारे लोक आपल्या परीने जोखमीचा हिशेब मांडत होते, आणि त्या हिशेबात रोगाच्या धोक्याइतकाच उपायाचा धोकाही धरलेला होता.

या हिशेबाकडे पाहण्याची साधने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडली. चॉन्सी स्टार या अमेरिकी अभियंत्याने १९६९ मध्ये असे मांडले की, माणूस स्वेच्छेने पत्करलेला धोका जितका सहन करतो, त्याच्या कितीतरी कमी प्रमाणातच तो लादलेला धोका सहन करतो. पॉल स्लोविक या मानसशास्त्रज्ञाने १९८७ च्या एका प्रसिद्ध लेखात 'जोखमीचे आकलन' म्हणजे काय हे स्पष्ट केले: तज्ज्ञ धोका मोजतात तो बहुधा मृत्यूंच्या संख्येवरून, तर सामान्य माणूस तो धोका किती भयप्रद आहे, किती अपरिचित आहे आणि आपल्या हाती त्याचे काही नियंत्रण आहे का, हेही जमेस धरतो. प्लेगच्या काळातील सरकारी उपाय या तिन्ही कसोट्यांवर तपासले, तर ते लोकांना रोगाहून भयंकर का वाटले असावेत, हे उमगू लागते.

६ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी काढलेल्या हुकमाने संशयित रुग्णाला सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा आणि बाधित घरात शिरून साफसफाई करण्याचा अधिकार पालिकेच्या नोकरांना मिळाला. रुग्णाला नेले जाई ते आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयात, जिथे बहुतेक रुग्ण रोग बळावल्यावरच पोचत आणि त्यामुळे जिवंत परतणारे थोडेच असत. चाळीतल्या शेजाऱ्यांनी पाहिलेले दृश्य इतकेच होते की, माणूस गाडीतून गेला आणि परत आला नाही. जी उदाहरणे चटकन आठवतात त्यांच्यावरून एखाद्या गोष्टीच्या शक्यतेचा अंदाज बांधण्याची मनाची सवय डॅनियल कानमन आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७३ मध्ये शास्त्रीय पद्धतीने दाखवून दिली. या सवयीनुसार रुग्णालय हेच मरणाचे कारण ठरणे स्वाभाविक होते. त्यातच त्या महिन्यात मुंबईतील राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले, आणि या अपमानाचा सूड म्हणून राणीने रयतेची काळजे मागवली आहेत, त्यासाठी रुग्णालयात माणसे मारली जातात, अशी कंडी शहरात पिकली. २९ ऑक्टोबर रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली आणि त्यानंतर पालिकेला आपल्या नियमांचा ताठा कमी करावा लागला.

शहरातील बहुसंख्य लोकांनी मात्र मोर्चापेक्षा स्थलांतराचा मार्ग धरला. १८९१ च्या जनगणनेत सव्वाआठ लाखांच्या घरात असलेल्या मुंबईची लोकसंख्या १८९७ च्या आरंभी जवळजवळ निम्म्यावर आली. कोकणचे गिरणी कामगार बोटींनी आणि पायी गावाकडे परतले. मजुरांची इतकी टंचाई पडली की, एरवी महिन्याचा पगार हातचा राखून देणाऱ्या गिरण्यांना रोजच्या रोज रोख मजुरी द्यावी लागली. जिवाच्या धोक्याला बाजारात किंमत असते, आणि पोटाची निकड असलेला माणूस ती वसूल करून धोका पत्करतो, याचे याहून उघड उदाहरण त्या काळात सापडणे कठीण आहे. पळून जाण्यावर सरकारी टीका अशी होती की, त्यामुळे रोग गावोगाव पसरतो, आणि ती खोटी नव्हती. कुटुंबाच्या दृष्टीने शहाणपणाचा निर्णय समाजाच्या दृष्टीने घातक ठरू शकतो, ही साथरोगांतील जुनीच अडचण येथेही दिसली. परंतु गावांनी काढलेला दुसरा उपाय शास्त्राच्या पुढे होता. घरात उंदीर पडू लागले की गावकरी घरे मोकळी करून माळावर किंवा रानात झोपड्या घालून राहत. मेलेल्या उंदराच्या अंगावरील पिसवा माणसाकडे वळतात आणि त्याच रोग पोचवतात, हा सिद्धांत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत मांडला आणि १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेतील संशोधनाने तो पक्का केला. तोपर्यंत पिसूचे नावही न घेता गावकरी तिच्या तडाख्यातून निसटत होते.

पुण्यात हिशेबाचे पारडे अधिकच बिघडले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला आणि वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याच्या हाती शहराची प्लेगव्यवस्था सोपवण्यात आली. मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत डरहॅम लाइट इन्फंट्रीच्या गोऱ्या सोजिरांसह तपासणी पथके घरोघर शिरली; स्वयंपाकघर आणि देवघर यांचा विधिनिषेध न पाळता झडत्या झाल्या, सामान जाळले गेले, काखा आणि जांघा तपासण्यासाठी बायकांनाही उभे करण्यात आले, आणि रुग्ण सापडलेल्या घरातील धडधाकट माणसांना 'सेग्रिगेशन कँप' म्हणजे विलगीकरण छावणीत नेण्यात आले. पंडिता रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून तेथील व्यवस्थेतील स्त्रियांच्या असुरक्षिततेला वाचा फोडली. अशा वेळी वर्दी देणाऱ्याला मिळणारा लाभ अनिश्चित होता, कारण प्लेगवर खात्रीचे औषध नव्हते. नुकसान मात्र निश्चित होते: आजारी माणूस दुरावणार, घर उघडे पडणार, बाकीच्यांना छावणी भोगावी लागणार आणि अब्रू जाणार. म्हणून आजारी लपवणे, प्रेत रातोरात हलवणे किंवा मृत्यूचे कारण दुसरेच सांगणे ही त्या नियमांनीच शिकवलेली वागणूक होती, आणि जो नियम खरे बोलणाऱ्याला शिक्षा करतो तो खोट्या माहितीचीच तजवीज करतो. २२ जून रोजी गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले आणि रँड ३ जुलैला मरण पावले. मुंबईतील पुतळा विद्रूप करण्याचे कृत्यही आपलेच, असे दामोदर चापेकरांनी पुढे सांगितले.

याच पुण्यात धोका ओळखून तो स्वेच्छेने पत्करण्याचेही उदाहरण आहे. सावित्रीबाई फुले यांनी डॉक्टर असलेल्या दत्तक पुत्र यशवंतरावांच्या मदतीने प्लेगच्या रुग्णांसाठी शहराबाहेर दवाखाना चालवला, मुंढव्याच्या एका आजारी मुलाला उचलून तेथे आणताना त्यांना संसर्ग झाला, आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. शुश्रूषेसाठी जवळ जाणाऱ्या माणसाला धोक्याचे आकलन कमी असते असे नव्हे. त्याच्या मनातील तराजूत दुसऱ्याच्या जिवाचेही वजन असते. जोखमीकडे केवळ स्वार्थाच्या दृष्टीने पाहणाऱ्या सिद्धांतांना ही वागणूक पुरती उलगडत नाही.

लसीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा होता. ओडेसा येथे जन्मलेले आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत त्यांनी काम सुरू केले. चंबूत मांसरसाचा पातळ काढा भरून त्यावर तुपाचे थेंब सोडले जात. त्या थेंबांना लटकून प्लेगचे जंतू वाढत आणि चुनखडकाच्या गुहेत छतावरून खाली उतरणाऱ्या सुळक्यांसारखे पांढरट धागे काढ्यात लोंबू लागत. चंबू अधूनमधून हलवला की धागे तुटून तळाशी बसत आणि वर नवे उगवत. काही आठवड्यांनी हा काढा तापवून जंतू मारले जात, आणि मेलेल्या जंतूंचे तेच मिश्रण लस म्हणून वापरले जाई. मांसाचा प्रश्न येथील समाजात नाजूक असल्यामुळे त्यासाठी गाय किंवा डुक्कर यांऐवजी बकऱ्याचे मांस निवडण्यात आले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, तीही नंतर इतरांना दिलेल्या मात्रेहून मोठ्या प्रमाणात. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली असता तयार झालेल्या कैद्यांना लस टोचण्यात आली, आणि टोचलेल्यांमध्ये रोगाचे आणि मृत्यूचे प्रमाण न टोचलेल्यांपेक्षा कमी आढळले.

आकडे अनुकूल असूनही लोक बिचकले, कारण टोचल्यावर दंड सुजे, एक-दोन दिवस ताप येई, आणि हातावर पोट असलेल्या माणसाचा रोज बुडे. प्लेग कदाचित आला असता. ताप मात्र हमखास येणार होता. त्याशिवाय, काही करून झालेले नुकसान माणसाला काही न करता झालेल्या तेवढ्याच नुकसानापेक्षा अधिक बोचते, या प्रवृत्तीला मानसशास्त्रात 'अकृतीकडील कल' म्हणता येईल. इलाना रिटोव्ह आणि जोनाथन बॅरन यांनी १९९० मध्ये तिचा अभ्यास केला, तो नेमका मुलांच्या लसीकरणासंबंधीच्या निर्णयांवर. हा पेच त्याहून पुष्कळ जुना आहे. १७६० मध्ये डॅनियल बर्नुली यांनी देवीच्या टोचणीचा फायदा आयुर्मानाच्या गणिताने सिद्ध केला, तेव्हा दालाँबेर यांनी हरकत घेतली की, आज लगेच मरण्याचा लहानसा धोका आणि पुढे केव्हातरी मिळणारी वाढीव वर्षे यांची नुसती बेरीज-वजाबाकी करून माणसाचा निर्णय होत नाही.

हा संकोच सर्वांत परिणामकारकपणे दूर झाला तो सरकारी हुकमाबाहेर. खोजा समाजाचे विशीतील धर्मगुरू तिसरे आगाखान यांनी अनुयायांसमक्ष स्वतःला पुनःपुन्हा टोचून घेतले, हाफकिन यांच्या कामाला खुश्रू लॉज ही आपली वास्तू दिली, आणि मुंबईतील हजारो खोजांनी लस घेतली. आकडा तोच होता, पण तो सांगणारा माणूस स्वतः धोक्यात वाटेकरी होता आणि श्रोत्यांना ठाऊक होता. सक्ती शिथिल होऊन टोचून घेतल्याचा दाखला दाखवणाऱ्याला विलगीकरणातून सूट मिळू लागली, तेव्हा लस हा एक सौदाही झाला. त्यात दडपण होते हे खरे, परंतु निवड करणाऱ्याच्या हाती काहीतरी राहत होते. याउलट ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात विणकरांच्या वस्तीत तपासणी पथकाने एका आजारी मुलीला नेण्याचा प्रयत्न करताच दंगल पेटली. सक्तीने काय होते आणि संमतीने काय होते, याचे दोन दाखले एका शहरात, एकाच वर्षात मिळाले.

विश्वास जमायला वेळ लागतो आणि तो उडायला एक घटना पुरते, हे पंजाबात दिसले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेतील नव्या निर्मितिपद्धतीवर ठेवून हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. वस्तुतः बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडल्याची हकिकत चौकशीत आली होती आणि दूषण गावातच झाल्याची शक्यता बळकट होती. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून त्यांची बाजू मांडली आणि त्या वर्षाच्या अखेरीस ते दोषमुक्त झाले. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ मध्ये. शास्त्राच्या दृष्टीने प्रश्न पाच वर्षांत सुटला; गावोगावच्या लोकांपर्यंत मात्र मृत्यूंची बातमी जितक्या वेगाने गेली तितक्या वेगाने निर्दोषत्वाची जाणे शक्यच नव्हते.

१९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील मानसशास्त्रज्ञांनी, क्षयाची फुकट क्ष-किरण तपासणीही लोक का टाळतात याचा शोध घेताना 'आरोग्य-विश्वास प्रतिमान' या नावाने ओळखली जाणारी मांडणी केली. रोग आपल्याला होईल असे वाटणे, तो गंभीर वाटणे, उपायाचा लाभ पटणे आणि उपायातील अडचणी पेलण्याजोग्या वाटणे, या चार गोष्टी जुळल्या की माणूस पाऊल उचलतो, असे ती सांगते. प्लेगच्या इतिहासाने तिला आणखी एक अट जोडता येईल. मुंबई-पुण्याच्या लोकांना प्लेग आपल्याला होईल आणि तो मारील, याविषयी शंका नव्हती. तरीही ते उपायापासून पळाले, कारण उपाय देणारा हात कोणाचा आहे आणि चूक झाल्यास तिची किंमत कोण मोजणार, हे त्यांनी आधी पाहिले. १८९७ चा कायदा एका आठवड्यात संमत झाला, तो सव्वाशे वर्षांनंतर करोनाच्या साथीतही लागू करता आला. टोचून घेण्याची तयारी मात्र कोणत्याही कायद्याने आणली नाही. ती तुरुंगातील पडताळ्याने, धर्मगुरूच्या दंडाने आणि सवलतीच्या दाखल्याने, एकेका वस्तीत वेगळ्या रीतीने मिळवावी लागली.